वाचकांचे प्रश्न : गोचीड, तिचा दंश आणि त्यामागचं संशोधन

गोचिडींबद्दल या वेळी इतके प्रश्न आले की सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. एकाच आशयाची पत्रं एकत्र करून त्यांना मिळून उत्तर दिलं आहे.

प्रश्न : रानातून आल्यावर जांघेत गोचीड चिकटलेली सापडली. आधी रॉकेल लावलं, मग काडी ओढून चटका दिला, शेवटी बोटांनी उपटली. डोकं आतच राहिलं असं वाटतं. ते कोरून काढावं का?

कोरू नका. आत राहिलं आहे ते डोकं नव्हे, तोंडाच्या भागाचा तुकडा आहे. गोचिडीच्या पुढच्या टोकाला हायपोस्टोम नावाची छोटी सोंड असते आणि तिच्यावर मागे वळलेल्या दातांच्या रांगा असतात. अनेक जाती सोंडेभोवती लाळेतून चिकट द्रव सोडतात. तो घट्ट झाला की सोंड कातडीत पक्की बसते, म्हणून ती तुटते. रोगजंतू राहतात ते आतड्यात आणि लाळग्रंथींत. ते शरीर तुम्ही काढून टाकलं आहे. उरलेला तुकडा म्हणजे कुसळासारखाच. कातडी काही दिवसांत तो बाहेर ढकलते. सुईने उकरलं तर जखम पिकते. साबण-पाण्याने धुऊन जंतुनाशक लावा. थोडी लाली आणि खाज काही दिवस राहील. लाली पसरत गेली किंवा पू झाला तर डॉक्टरांना दाखवा.

रॉकेल, तेल, व्हॅसलीन, नेलपॉलिश यांच्यामागची कल्पना अशी की गोचीड गुदमरून सोडेल. ती श्वास घेते पोटाच्या दोन बाजूंच्या छिद्रांतून, आणि निवांत असताना तासाला मोजकेच वेळा. तिला गुदमरवायचं तर तास जातात, आणि तेवढा वेळ तिची लाळ तुमच्या अंगात जातच राहते. चटक्याने कातडी भाजते आणि चिडलेली गोचीड आणखी लाळ सोडण्याची शक्यता असते.

काढायची ती बारीक टोकाच्या चिमट्याने. भुवया कोरण्याचे चपट्या टोकाचे चिमटे चालत नाहीत, कारण त्यांत पोट दाबलं जातं. चिमट्याची टोकं कातडीला अगदी टेकवा, गोचिडीला तोंडाजवळ धरा, आणि पिळ न देता, झटका न देता सरळ वर ओढत राहा. कातडी तंबूसारखी थोडी वर उचलली जाईल. तसंच धरून ठेवा, काही सेकंदांत ती सुटते. चिमटा नसेल तर बोटांना कागद किंवा प्लास्टिक गुंडाळून हीच कृती करा, पण थांबून राहू नका. नखावर चिरडू नका, आतलं रक्त बोटाच्या चिरेत जाऊ शकतं.

काढलेली गोचीड फेकू नका. पारदर्शक चिकटपट्टीने कागदावर चिकटवा किंवा स्पिरिटच्या छोट्या बाटलीत टाका, आणि सोबत तारीख, ठिकाण व अंगावरची जागा लिहून ठेवा. पुढचे 30 दिवस ताप, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी, पुरळ किंवा चाव्याभोवती पसरत जाणारी लाली यांकडे लक्ष ठेवा. यातलं काही झालं तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा की अमुक तारखेला गोचीड चावली होती. हे वाक्य राहून जातं आणि मग विषमज्वर, डेंग्यू अशा दिशांनी तपासण्या होत राहतात. रिकेट्सिया नावाच्या जिवाणूंमुळे होणाऱ्या तापात ही दिरंगाई जिवावर बेतते. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक वेळेत सुरू झालं तर हाच ताप लवकर उतरतो.

प्रश्न : ‘24 तासांच्या आत काढली तर धोका नाही’ असं वाचलं. दुसरीकडे 36 तास लिहिलं होतं, तिसरीकडे काही मिनिटं. खरं काय?

तिन्ही आकडे खरे आहेत, पण वेगवेगळ्या जंतूंसाठी. गोचिडीच्या शरीरात जंतू कुठे दबा धरून असतो यावर हे अवलंबून आहे.

लाइम या गोचिडीतून पसरणाऱ्या आजाराचा जंतू बोरेलिया बर्गडॉर्फेरी उपाशी गोचिडीच्या आतड्यात असतो. ओस्प-ए नावाच्या प्रथिनाने तो आतड्याच्या भिंतीला धरून राहिलेला असतो. गरम रक्त आत आलं की तो हे प्रथिन कमी करतो, ओस्प-सी बनवू लागतो, संख्येने वाढतो, आतड्याची भिंत ओलांडून शरीरद्रवात येतो आणि तिथून लाळग्रंथीत पोहोचतो. या प्रवासाला बहुतेक वेळा एका दिवसाहून जास्त काळ लागतो. 24 किंवा 36 तासांचा आकडा इथून आला आहे.

विषाणूंचं तसं नाही. टिक-बोर्न एन्सेफलायटिस या मेंदूज्वराचा विषाणू आधीच लाळग्रंथीत हजर असतो, त्यामुळे सोंड रुतल्यावर काही मिनिटांत तो आत जाऊ शकतो. पोवासन या गोचिडीतूनच पसरणाऱ्या दुसऱ्या विषाणूवरच्या, उंदरांवर केलेल्या प्रयोगात 15 मिनिटं पुरेशी ठरली. रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हर या रिकेट्सियाच्या तापाचा जंतू या दोन टोकांच्या मध्ये बसतो. उपाशी गोचिडीत तो मंदावलेला असतो आणि रक्त मिळू लागल्यावर काही तासांनी पुन्हा जोमात येतो.

म्हणून 24 तासांचा नियम सरसकट लावू नका. आणखी एक अडचण आहे. गोचीड किती वेळ चिकटून होती, हे माणसाला क्वचितच नीट सांगता येतं. तिच्या लाळेत वेदना आणि सूज दाबणारे घटक असतात. निम्फ अवस्थेतली, म्हणजे अंड्यातून निघालेली लार्व्हा आणि प्रौढ यांच्या मधली गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते. संध्याकाळी दिसली म्हणून संध्याकाळीच चिकटली असं होत नाही.

संशोधक मग गोचिडीलाच विचारतात. मादी आणि निम्फ यांच्या पाठीवर पुढच्या बाजूला एक कडक ढाल असते. ही ढाल ताणत नाही. मागचं पोट मात्र रक्ताबरोबर फुगत जातं. सूक्ष्मदर्शकाखाली शरीराची लांबी मोजायची, तिला ढालीच्या रुंदीने भागायचं. हे गुणोत्तर चिकटून गेलेल्या काळाबरोबर वाढतं, आणि प्रयोगशाळेत ठरावीक तासांनी काढलेल्या गोचिडींशी ताडून पाहिलं की अंदाज बांधता येतो. चिरडलेल्या गोचिडीवर हे मोजमाप करता येत नाही. जपून ठेवा म्हणतो ते यासाठीही.

प्रश्न : गोचीड झाडावरून अंगावर उडी मारते का?

नाही. तिला उडी मारता येत नाही आणि पंखही नसतात. ती कीटकच नाही, कोळी-विंचवांच्या वर्गातली आहे. लार्व्हाला सहा पाय, निम्फ आणि प्रौढ गोचिडीला आठ. बहुतेक जाती गवताच्या किंवा झुडपाच्या टोकावर पुढचे पाय पसरून वाट पाहतात. पहिल्या पायांच्या टोकाशी हॅलरचं इंद्रिय नावाची खळगी असते. तिने श्वासातला कार्बन डायऑक्साइड, ऊब आणि वास कळतो. आपण घासून गेलो की ती पकडते आणि वर चढत जाते. मानेवर सापडते ती बहुधा पायापासून चढत आलेली असते. हायालोमा वंशातल्या प्रौढ गोचिडी वाट पाहत बसत नाहीत, जमिनीवरून सावजाच्या मागे धावतात.

प्रश्न : महाविद्यालयीन प्रकल्पासाठी परिसरातल्या गोचिडींची पाहणी करायची आहे. कशा गोळा कराव्यात आणि कशा टिकवाव्यात?

जिथे माकडं मरत आहेत किंवा गोचिडीपासून होणाऱ्या विषाणूजन्य तापाचे रुग्ण आढळले आहेत, तिथे विद्यार्थ्यांनी जाऊ नये. ते काम आरोग्य यंत्रणेचं आणि प्रशिक्षित चमूचं आहे. इतर ठिकाणी कापड ओढण्याची पद्धत स्वस्त आणि भरवशाची आहे.

1 मीटर लांब, 1 मीटर रुंद पांढरं फ्लॅनेल घ्या. गुळगुळीत सुती कापडाला गोचिडींचे पाय नीट अडकत नाहीत. पुढची कड दुमडून शिवा, त्यात लाकडी दांडा घाला आणि दोन्ही टोकांना दोरी बांधा. मागच्या कडेला थोडं वजन लावा, नाहीतर कापड गवतावर तरंगत जातं. सावकाश चालत ओढा आणि दर 10 मीटरला थांबून दोन्ही बाजू तपासा. 10 मीटरचा हट्ट कशासाठी? गोचिडी कापडावर कायम बसून राहत नाहीत, पुढच्या झुडपाला घासून गळून पडतात. एका दमात 50 मीटर ओढलं की मोजणी कमी येते, आणि ती किती कमी आली हे नंतर कळायला मार्ग नसतो. असे 10 टप्पे झाले की 100 चौरस मीटर होतात. निष्कर्ष दर 100 चौरस मीटरला इतक्या गोचिडी असा लिहितात.

दव वाळल्याशिवाय सुरू करू नका, ओल्या कापडाला गोचीड धरत नाही. भर उन्हात, कोरड्या हवेत त्या पाचोळ्यात उतरून बसतात, कारण अंगातलं पाणी टिकवणं हा त्यांचा मोठा प्रश्न असतो. कोरडी पडलेली गोचीड दमट जागी जाऊन तोंडावर क्षारयुक्त लाळ आणते, ती लाळ हवेतली वाफ शोषते आणि गोचीड ती परत गिळते. तापमान, आर्द्रता, वेळ, वनस्पतींचा प्रकार यांची नोंद प्रत्येक फेरीला करा. त्यांच्याशिवाय दोन दिवसांच्या आकड्यांची तुलना करता येत नाही. त्याच जागी ठरावीक अंतराने वर्षभर केलेली पाहणी दहा जागी एकेकदा केलेल्या पाहणीपेक्षा जास्त काही सांगते, असं आमचं ठाम मत आहे.

चिमट्याने प्रौढ आणि निम्फ उचलता येतात. लार्व्हा मात्र शेकड्यांनी एकदम येतात, त्यांच्यासाठी चिकटपट्टी वापरा. आणि कापडावर काही आलं नाही म्हणून जागा निर्धोक ठरत नाही. कापड फक्त वाट पाहणाऱ्या गोचिडी पकडतं. मऊ गोचिडी, म्हणजे पाठीवर कडक ढाल नसलेल्या, घरट्यांत, बिळांत, भिंतींच्या फटींत राहतात आणि बहुतेकदा रात्री थोडाच वेळ रक्त पिऊन परततात. गुरांवरच्या ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस या जातीच्या फक्त लार्व्हा गवतावर मिळतात, कारण पुढच्या सगळ्या अवस्था ती एकाच जनावरावर काढते.

ओळख पटवायची असेल तर 70 टक्के अल्कोहोल, डीएनए काढायचा असेल तर 95 टक्के किंवा अधिक. विषाणू शोधायचा असेल तर अल्कोहोल नको, उणे 80 अंश सेल्सियस किंवा द्रवरूप नायट्रोजन लागतो. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाका. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते, आणि बाहेर चिकटवलेली चिठ्ठी एका सांडण्यात जाते. नाव नसलेली बाटली संशोधनाच्या कामाची नाही. दोन जनावरांवरच्या किंवा दोन जागांच्या गोचिडी एका बाटलीत कधीही घालू नका.

स्वतःसाठी : फिक्या रंगाचे कपडे, पँट मोज्यांत खोचलेली, उघड्या कातडीवर 20 ते 30 टक्के डीट हे कीटकरोधक असलेलं मलम. पर्मेथ्रिन हे कीटकनाशक 0.5 टक्के, फक्त कपड्यांवर आणि बुटांवर, कातडीवर नाही. ते ओलं असताना मांजरांना घातक असतं. ओढायच्या कापडाला त्याचा स्पर्शही होऊ देऊ नका. परतल्यावर दोन तासांत अंघोळ करा आणि काखा, जांघा, गुडघ्यामागची बाजू, कानामागे आणि केसांत हात फिरवून पाहा. कपडे थंड पाण्यात धुतल्याने गोचीड मरत नाही. ती मरते कोरड्या उष्णतेने किंवा कडक गरम पाण्याने.

प्रश्न : गोचिडीत एखाद्या जंतूचा डीएनए सापडल्याची बातमी आली की ती गोचीड तो आजार पसरवते असं समजायचं का?

नाही. गोचिडीने आधी एखाद्या आजारी जनावराचं रक्त प्यायलं असेल तर त्या रक्तातला जंतू, मेलेला असला तरी, पीसीआर चाचणीत दिसतो. रक्ताने टम्म फुगलेली गोचीड जनावरावरून काढून तपासली तर तो जंतू जनावराचा की गोचिडीचा हे कळतच नाही.

पुरावा उभा करायचा तो टप्प्याटप्प्याने. प्रयोगशाळेत वाढवलेल्या जंतुमुक्त लार्व्हा बाधित जनावरावर सोडायच्या. त्यांनी कात टाकून निम्फ झाल्यावर जंतू अजून जिवंत आहे का, ते पाहायचं. मग तेच निम्फ निरोगी जनावरावर सोडायचे आणि त्याला आजार होतो का, हे तपासायचं. या साखळीतला शेवटचा दुवा बरेचदा जोडलेलाच नसतो, आणि तरीही मथळा छापून येतो.

या विचारसरणीला मोठा इतिहास आहे. थिओबाल्ड स्मिथ आणि एफ. एल. किलबोर्न यांनी 1893 मध्ये गुरांचा टेक्सास ताप गोचिडीमुळे पसरतो हे सिद्ध केलं. त्यांनी बाधित गुरं काही कुरणांत गोचिडींसह ठेवली, काहींत गोचिडी हातांनी वेचून काढून ठेवली, आणि काही कुरणांत नुसत्या गोचिडी सोडल्या. निरोगी गुरं आजारी पडली ती फक्त गोचिडी असलेल्या कुरणांत. डासातून हिवताप पसरतो, हे कळायच्याही आधीचं हे काम आहे. 1906 मध्ये हॉवर्ड रिकेट्स यांनी रॉकी माउंटन स्पॉटेड फीव्हरचा गोचिडीशी संबंध प्रयोगाने दाखवला.

अहवाल वाचताना टक्केवारीकडेही बारकाईने पाहा. निम्फ लहान असल्यामुळे ते गटाने तपासतात. समजा 500 निम्फचे 10-10 चे 50 गट केले आणि 5 गट बाधित निघाले, तर किमान बाधितांचं प्रमाण 5 भागिले 500, म्हणजे 1 टक्का. ‘किमान’ हा शब्द गाळून चालत नाही, कारण एका बाधित गटात एकाहून जास्त बाधित निम्फ असू शकतात. गटाचा आकार जितका मोठा, तितका हा आकडा खऱ्या प्रमाणाच्या खाली राहण्याची शक्यता जास्त.

प्रश्न : माकडताप माकडांपासून होतो का? मेलेलं माकड दिसलं तर काय करावं?

माकडाला आणि माणसाला, दोघांनाही तो गोचिडीपासून होतो. क्यासनूर फॉरेस्ट डिसीज हे त्याचं नाव. 1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली आणि माणसंही तापाने आजारी पडली, तेव्हा आधी पीतज्वराची शंका आली होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने तपास केल्यावर हा वेगळाच विषाणू निघाला, रशियातल्या मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद. तो मुख्यतः हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा या गोचिडीतून पसरतो. पुढे तो इतर राज्यांतही आढळला. सिंधुदुर्गात 2016 मध्ये त्याची साथ आली होती.

माणसांना चावतात ते बहुतांशी निम्फ, म्हणून रुग्ण साधारण डिसेंबर ते मे या काळात वाढतात. माणसापासून माणसाला हा आजार लागत नाही. माकड मेलं आणि त्याचं अंग थंड पडलं की त्याच्यावरच्या गोचिडी उतरून आसपासच्या पाचोळ्यात पसरतात. धोका आहे तो त्या जागेत. माकडाला हात लावू नका, जवळ जाऊ नका, त्या वाटेने गुरं नेऊ नका आणि वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला लगेच कळवा. ताप उतरून एक-दोन आठवड्यांनी पुन्हा चढला आणि सोबत डोकं दुखणं, मान आखडणं, थरथर किंवा भ्रम असेल तर तो दुसरा टप्पा असू शकतो. अशा वेळी रुग्णालयच गाठावं.

प्रश्न : गुरांवर गोचीडनाशक फवारूनही गोचिडी जात नाहीत. औषधाला दाद देत नाहीत हे कसं ओळखायचं?

आधी फवारणी तपासा. द्रावण लेबलवरच्या प्रमाणात होतं का? कानाच्या आत, शेपटीच्या मुळाशी, कासेभोवती आणि मांड्यांच्या मध्ये ते पोहोचलं का? जनावर लगेच पावसात भिजलं का? आणि दिसतात त्या गोचिडी जुन्याच आहेत की कुरणातून नव्याने चढलेल्या लार्व्हा? एका वेळी बहुसंख्य गोचिडी जनावराबाहेर असतात. एक मादी दोन-तीन हजार अंडी घालते, त्यामुळे चारच दिवसांत पुन्हा बारीक गोचिडी दिसणं हा औषधाला दाद न देण्याचा पुरावा नाही. योग्य फवारणीनंतर काही दिवसांनीही टम्म फुगलेल्या माद्या गळून अंडी घालत असतील, तर शंका घ्यायला जागा आहे.

खात्री करायची चाचणी प्रयोगशाळेत होते. फुगलेल्या माद्या हवा खेळती राहील अशा डबीत पशुवैद्यकांमार्फत पाठवतात. बंद प्लास्टिकमध्ये त्या वाफेने कुजतात. 27-28 अंश आणि दमट हवेत त्या अंडी घालतात. निघालेल्या लार्व्हा 14 ते 21 दिवसांच्या झाल्या की औषध लावलेल्या गाळणकागदाच्या पाकिटात सुमारे 100 घालून 24 तास ठेवतात, आणि जिवंत किती, मेलेल्या किती ते मोजतात. सोबत बिनऔषधाचं पाकीट असतंच. त्यातल्या 10 टक्क्यांहून जास्त मेल्या तर चाचणी बाद. अशा बाद चाचण्यांमागे बहुधा कोरडी हवा किंवा वयाने फार लहान वा म्हाताऱ्या लार्व्हा असतात.

आपल्या मनाने मात्रा वाढवू नका. जनावराला विषबाधा होते, औषधाचा अंश दुधात उतरतो आणि वाचलेल्या गोचिडी आणखी कणखर निघतात. पशुवैद्यकांच्या सल्ल्याने औषधाचा गट बदला. त्याच गटातलं दुसऱ्या नावाचं औषध घेतलं तर काहीच बदलत नाही, म्हणून पुडक्यावरचा घटक वाचा. अमिट्राझ असेल तर ते घोड्यांवर वापरू नका.

प्रश्न : गोचिडीविरुद्ध लस आहे का?

एका आजाराविरुद्धची लस आणि गोचिडीविरुद्धची लस या वेगळ्या गोष्टी. टिक-बोर्न एन्सेफलायटिसवर माणसांसाठी चांगली लस आहे. लाइम आजारावरची एक लस अमेरिकेत 1998 मध्ये आली आणि 2002 मध्ये उत्पादकाने ती बाजारातून काढून घेतली. तिची कामाची पद्धत मात्र विलक्षण होती. माणसाच्या रक्तातली ओस्प-ए विरुद्धची प्रतिद्रव्यं गोचिडीच्या आतड्यात जाऊन तिथेच जंतूला मारायची.

गुरांसाठी 1990 च्या दशकात ऑस्ट्रेलिया आणि क्युबामध्ये बीएम-86 या प्रथिनावर आधारित लसी आल्या. हे प्रथिन गोचिडीच्या आतड्याच्या पेशींवर असतं. गाईची प्रतिद्रव्यं रक्ताबरोबर गोचिडीच्या पोटात गेली की तिच्या आतड्याला इजा होते आणि माद्या कमी अंडी घालतात. आज गाईवर दिसणाऱ्या गोचिडी त्याने लगेच नाहीशा होत नाहीत. परिणाम पुढच्या पिढ्यांत दिसतो. शिवाय सगळ्या प्रदेशांतल्या गोचिडींवर तो सारखा होत नाही आणि वर्धक मात्रा देत राहाव्या लागतात.

तिसरी वाट लाळेतून जाते. वारंवार चावल्यानंतर गिनिपिगना गोचिडींविरुद्ध प्रतिकारशक्ती येते, हे विल्यम ट्रेगर यांनी 1939 मध्ये दाखवलं होतं. 2021 मध्ये येल विद्यापीठातल्या चमूने लाळेतल्या 19 प्रथिनांची एमआरएनए लस गिनिपिगना दिली. गोचिडी चिकटताच गिनिपिगच्या कातडीवर लाली उमटली, गोचिडींना नीट रक्त पिता आलं नाही आणि त्या लवकर गळून पडल्या.